ओल्या रेशमाचं वजन

मी बोलतोय आणि माझी लेक रोझा लिहितेय. माझं स्वतःचं अक्षर मलाच वाचता येत नाही, शिवाय हात अजून थोडा थरथरतो. तो वयामुळे हो, अफूमुळे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ठाण्यात माझा हात जरा हलला की लोक अजूनही एकमेकांकडे बघतात.

लिहायचं कारण असं. मागच्या आठवड्यात कोपरीहून एक बाई आमच्याकडे आली. तिचा थोरला मुलगा अफूत बुडालाय, घर सोडून कुठेकुठे पडून असतो. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. माझ्या बायकोला, कात्रीनला, विचारू लागली की तुमच्या इनासला, म्हणजे मला, काय औषध दिलंत ते मला सांगा. कात्रीनने तिला बसवलं, पेज दिली, आणि म्हणाली की औषध वगैरे काही नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तूच सांग, तुला बोलायला आवडतं. आमच्या घरांत नवऱ्याला अहो-जाहो नाही, सरळ अरे-तुरे. तेव्हा सांगतो. मी वैद्य नाही, विणकर आहे. माझ्या अंगावर जे गेलं तेवढंच यात आहे.

मोहरीएवढी गोळी

आम्ही ठाण्याचे रेशीम विणणारे किरिस्ताव. इगर्जीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, मागे आमची गल्ली. माझ्या आज्याच्या वेळी तिथल्या घराघरांत माग होता. माझ्या वेळेपर्यंत गिरणीचं कापड आलं आणि माग चार-पाच घरांपुरते उरले. त्यातला एक माझा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर वाकून बसायचं, आणि मला लागला खोकला. खोकल्याची उबळ आली की हात उडायचा आणि धागा तुटायचा. एका दिवसात किती गाठी माराव्या माणसाने? शेजारच्या म्हातारीने माझी ती कटकट ऐकली आणि मोहरीएवढी अफूची गोळी आणून दिली.

यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं, हे ध्यानात घ्या. आमच्या गल्लीतली निम्मी बाळं तीच गोळी चाटून झोपायची आणि त्यांच्या आया कामाला लागायच्या. रोझालाही दिलेली. ती आता लिहिता लिहिता माझ्याकडे डोळे वटारून बघतेय, पण दिलेली.

खोकला थांबला. अंगात ऊब आली. रेशमाचा धागा बोटातून असा सरकू लागला की मला वाटलं, आजवर मी विणतच नव्हतो. वर्षभरात मोहरीची मिरी झाली, आणि मिरीचा हरभरा. विणणं कमी होत गेलं आणि मागाला टेकून बसणं वाढलं. मग एका रविवारी, कात्रीन आणि रोझा इगर्जीत मिसेच्या प्रार्थनेला गेलेल्या असताना, मी मागाची फणी विकली.

ज्याला माग माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. ताण्याचा एकूण एक उभा धागा फणीच्या दातांतून जातो. फणी नसली तर माग म्हणजे नुसती लाकडं. आणि ही फणी कात्रीनच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधून आम्हाला लग्नात दिलेली. कात्रीन घरी आली आणि तिने मागाकडे पाहिलं. उन्हं उतरल्यावर तिने माझी चटई आणि कपडे ओट्यावर आणून ठेवले. मी म्हटलं, घर माझं आहे. ती म्हणाली, "आत रोझा आहे, आणि अजून विकण्यासारखं पुष्कळ आहे." मग आतून कडी लागली.

मी डोक्यात राख घालून चालता झालो. दोन दिवसांत ही मला शोधत येईल अशी खात्री होती. आली नाही.

तीन रात्रींचा नियम

पुढचं वर्ष मी ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये काढलं. धर्मशाळेत मुसाफिराला तीन रात्री राहता येतं, चौथ्या दिवशी पाय काढायचा. तेव्हा ठाण्यात तीन रात्री, मग रुळाच्या कडेकडेने चालत कल्याण, तिथे तीन रात्री, मग शहाडला उल्हास नदीच्या काठी जमेल तितके दिवस झाडाखाली, की पुन्हा उलटं. मिळेल ते ओझं उचलायचं आणि संध्याकाळी अफूच्या दुकानापुढे उभं राहायचं.

लोक दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणी भाकरी नाकारली नाही. फक्त ती देताना हात लांब करायचे आणि तोंड दुसरीकडे. भाकरी घे, पण आमच्या ओट्यावर बसून खाऊ नकोस. कल्याणात एका दुकानदाराने मला कितीदा तरी चणे दिले, आणि त्याच्या सावलीत टेकलो म्हणून तितक्याच वेळा पाणी ओतून उठवलं.

शहाडच्या झाडाखाली माझ्याशेजारी एक बैरागी असायचा. तो माझ्या दुप्पट अफू खायचा. त्याच्या पाया पडायला माणसं यायची, दूध आणायची. एकदा त्याने मला मायेनेच सांगितलं की वेड्या, भगवं घाल, तुझंही पोट भरेल. मी गळ्यातला क्रूस दाखवला. तो म्हणाला, मग कठीण आहे. आणि त्याने त्याचं अर्धं दूध मला दिलं.

आणखी एक गंमत ऐका. मी घरात पडून असायचो तेव्हा सगळी गल्ली कात्रीनला सांगायची, हाकल त्या अफीमबाजाला. तिने हाकललं, तर तीच गल्ली म्हणू लागली की बघा कशी बाई आहे, नवऱ्याला उघड्यावर टाकलं. मी रस्त्यावर आलो त्या दिवसापासून मी बिचारा झालो आणि ती कैदाशीण. हे माझ्या कानावर यायचं आणि मला बरं वाटायचं. हेही लिही, रोझा.

आजार

थंडी पडू लागली तेव्हा मी कल्याणच्या धर्मशाळेत ठरवलं की आता आपणच सोडायची, एकदम. कात्रीनला दाखवायचं होतं. पहिल्या दिवशी नुसत्या जांभया आणि नाकाला धार. दुसऱ्या दिवसापासून हाडं कोणी पिळतंय असं वाटू लागलं, पाय आपोआप झटके देत राहिले, आणि पोट इतकं वाहू लागलं की उठून बाहेर जाण्याचंही त्राण राहिलं नाही. ज्याने कोणी एकदम सोडायचा विचार केला असेल, त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, एकट्याने करू नका.

धर्मशाळेचा रखवालदार म्हातारा होता, तोंडाचा फार फटकळ. त्याने मला शिव्या देत देत धुतलं. माझ्या तीन रात्री कधीच उलटून गेलेल्या. मी विचारलं तर म्हणाला, मला आकडे येत नाहीत. पाचव्या दिवशी तो स्वतः मला आगगाडीत घालून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आला आणि तिथल्या बाकावर बसवून परतीच्या गाडीला निघून गेला. त्याचं नावही मी कधी विचारलं नाही, आणि ते मला आजही खातं.

कारकुनाने राहण्याचं ठिकाण विचारलं. समोरच्या खिडकीतून इगर्जीचा क्रूस दिसत होता, त्याच्या मागे माझं घर. मी गप्प बसलो. त्याने लिहिलं, फिरस्ता.

डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण, बोलणं एकदम शुद्ध. त्यांनी माझं मनगट हातात धरलं. वर्षभरात मला कोणी आपणहून हात लावला तो त्या रखवालदाराने आणि मग यांनी. छाती तपासली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. मी आपलं खोकल्याचं रडगाणं लावलं. मला क्षय झालाय असं मला मनातून हवं होतं. क्षयाच्या माणसाकडे लोक डबा घेऊन येतात, डोळ्यांत पाणी आणतात. ते म्हणाले, "छाती ठीक आहे. तुमचा आजार अफू आहे."

मला आधी राग आला. मग मी विचारलं, "आजार म्हणालात?"

"आजारच. दुसरं काय म्हणणार?"

तोवर कोणी त्याला खोड म्हटलेलं, कोणी पाप, कोणी माज. आजार कोणी म्हटलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पुष्कळ वेळ रडलो.

दवाखान्यात सकाळी झाडू, मग कांजी, मग एक कडू पाणी, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडे बघणं. दिवसातून एकदा मोजून अफूचा अर्क मिळायचा, आणि ती वेळ जवळ आली की मी दाराकडे तोंड करून बसायचो. शेजारच्या खाटेवर माडावरून पडून पाय मोडलेला एक भंडारी होता. पडला तेव्हा पोटात ताडी होती हे तो स्वतःच अभिमानाने सांगायचा. तोही मला अफीमबाज म्हणायचा. पण रात्री माझे पाय झटके देऊ लागले की तो आपली काठी लांब करून माझी चादर वर ओढून द्यायचा.

चौथ्या दिवशी कात्रीन आली, दवाखान्यात मला पाहून कोणीतरी गल्लीत सांगितलं असावं. पेज आणि जवळ्याची चटणी आणलेली. माझ्याकडे न बघता तिने वाटी भरली. मी बोलायला गेलो तर म्हणाली, आधी जेव. आणि डॉक्टर आल्यावर उठून त्यांच्याशीच बोलली. ते म्हणाले की एकदम तोडायची नाही, रोज थोडी थोडी कमी करायची, मात्र अफू याच्या हातात द्यायची नाही, दुसऱ्याने वजन करून द्यायची. तिने विचारलं, वजन कशाने करायचं. ते म्हणाले, कशानेही करा, पण आजचं माप कालच्यापेक्षा हलकं हवं.

तिने रिकामी वाटी फडक्यात बांधली. मग म्हणाली, रेशमाने करीन.

ओट्यावरचा काटा

अफूच्या दुकानापुढे कोण उभं राहतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्यासारखे. तिथे कात्रीन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, भर दिवसा. गल्लीने तिला अफूबाई म्हणायला सुरुवात केली. इगर्जीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मी वर्षभर रस्त्यावर राहून जेवढी लाज कमावली तेवढी तिने महिन्याभरात सोसली, आणि एकदाही मला ऐकवलं नाही.

घरात मात्र घेतलं नाही. कळव्याला खाडीपलीकडे एका आगऱ्याच्या मिठागरावर राखणीचं काम आणि झोपडी तिनेच बघून दिली. तिथून रोज सकाळी मी खाडी ओलांडून आपल्याच घराच्या ओट्यावर येऊन बसायचं. ती दुसऱ्यांच्या मागांसाठी रेशीम उकलून द्यायची, म्हणून तिच्याकडे रेशमाचा बारीक काटा होता. नाताळ झाल्यावर तिने शंभर हात धाग्याची एक छोटी लडी केली, बरोबर माझ्या हरभऱ्याएवढ्या गोळीच्या वजनाची. काटा नऊ वर्षांच्या रोझाने धरायचा. एका पारड्यात लडी, दुसऱ्यात गोळी. मी गोळी तिथेच खायची आणि लडीतून हातभर धागा सगळ्यांसमोर कापायचा. उद्याचं माप तेवढं हलकं.

"अफू माझ्याकडे राहील आणि लडी तुझ्याकडे," ती म्हणाली. "धागा संपेल त्या दिवशी आत ये."

लडी फडक्यात बांधून मी क्रूसाच्या दोऱ्यालाच अडकवली. पहिले काही दिवस छान गेले. मग अंग मागू लागलं.

आता विणकराची अक्कल बघा. रेशीम पाणी पितं. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पिऊनही हाताला ओलं लागत नाही. लबाड व्यापारी तसंच रेशीम आमच्या गळ्यात मारायचे आणि आम्ही त्यांना शिव्या घालायचो. मी घरी येण्याआधी मासुंदा तळ्यावर थांबू लागलो. फडकं भिजवायचं, पिळायचं, लडी त्यात गुंडाळून उन्हात चालत यायचं. धागा रोज हातभर कमी व्हायचा, पण गोळी त्या मानाने घटायची नाही. स्वतःवर असा खूष होतो मी.

आणि तरीही मला बरं वाटेना. गोळी मापापेक्षा मोठी, पण अंगात कणकण, नाक वाहतंय, झोप नाही. मी म्हटलं, कळव्याची खारी हवा बाधली. लडी आणखी भिजवू लागलो. जितकी भिजवावी तितकं अंग जास्त दुखायचं. अफूच हिणकस झालीय अशी तक्रारही मी तोंड वर करून केली. कात्रीन म्हणाली, असेल.

कुमसार

उपासाचे चाळीस दिवस संपत आले. पास्काच्या, ईस्टरच्या सणाआधी आमच्यातला प्रत्येकजण कुमसाराला जातो, म्हणजे पाद्रीबाबांच्या कानात आपली पापं सांगतो आणि मोकळा होतो. मीही गेलो. जाळीमागे म्हातारे पाद्री होते. फणी विकली ते सांगितलं, शिव्या सांगितल्या, आणि शेवटी एका दमात लडीचंही सांगून टाकलं. मनात म्हटलं, झालं, हे फिटलं. देवाला कळलं म्हणजे कात्रीनला कळायची गरज नाही.

पाद्रीबाबा जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "इनास, देवाकडची माफी मी देतो. पण लडी देवाची नाही. जिची आहे तिला सांग."

मी बाहेर येऊन इगर्जीच्या पायरीवर बसलो. मला कात्रीनची भीती नव्हती. भीती दाराची होती. धागा दहा-बारा हात उरलेला. गप्प राहिलो तर दहा-बारा दिवसांत मी घरात. सांगितलं तर पुन्हा शंभर हातांची लडी, किंवा कायमचंच कळवा. रोझा आता काटा धरताना माझ्याशी दोन शब्द बोलू लागलेली, तेही जाईल. एकदा वाटलं, आत गेल्यावर सांगू. मग माझं मलाच कळलं की आत गेल्यावर मी कधीच सांगणार नाही, आणि तिथेच मागाला टेकून पुन्हा बसेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर थांबलो नाही. ओट्यावर आलो. रोझाने काटा उचलला. मी लडी पारड्यात न ठेवता कात्रीनच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही आज कोरडी आहे. इतके दिवस ओली होती. मी भिजवत होतो."

कात्रीनने लडी चिमटीत दाबली. कोरडं रेशीम दाबलं की हलकं कुरकुरतं, ओलं गप्प राहतं. रेशीम कुरकुरलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कापलेला तुकडा रोज मीच उचलायचे, तो गप्प असायचा. तुझ्या तोंडून कधी येतं त्याची वाट बघत होते. आत ये."

 मी म्हटलं, अजून धागा आहे, आजची गोळी आहे. तेव्हा तिने सांगितलं. मी लडी भिजवली त्याच दिवसापासून तिने गोळीत काळा गूळ आणि कडू चिराईत मळायला सुरुवात केलेली. रेशीम जितकं ओलं लागेल तितका गूळ जास्त. गेले पंधरा दिवस गोळीत अफू नव्हतीच. वरून नुसतं अफू लागलेलं बोट फिरवलेलं, वासापुरतं.

मी भडकलो. खरंच भडकलो. पंधरा दिवस मी अफू समजून गूळ खात होतो आणि ही सरळ तोंडाने मला फसवत होती? मी ओट्यावर उभा राहून तिला वाटेल ते बोललो. सगळी गल्ली ऐकायला आली. तिने रोझाच्या हातातून काटा घेतला. मग म्हणाली, "ओरडून झालं असेल तर पाय धुऊन ये. दोन दिवस तुझं नाक वाहिलेलं नाही, ते तरी कळलं का तुला?"

मी नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं. पाय धुतले आणि आत गेलो. मागावर फणी नव्हती, पण तिने लाकडं पुसून ठेवलेली. मी त्या लाकडांवर डोकं ठेवलं आणि कात्रीनने माझ्या पाठीवर हात ठेवला. दीड वर्षानंतर.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. दोन वर्षं मी अफूच्या दुकानाच्या गल्लीतून गेलो नाही, लांबून वळसा घ्यायचो. फणी परत मिळाली नाही, नवी बांधून घेतली. गल्लीला माझ्यावर विश्वास ठेवायला माझ्या अंगाला लागला त्याहून जास्त वेळ लागला, आणि कात्रीनला अफूबाई म्हणणाऱ्या बायकांनी कधी माफी मागितली नाही. उरलेला दहा-बारा हात धागा मी रोझाच्या लग्नाच्या लुगड्याच्या काठात विणला.

कोपरीच्या बाईला मी एवढंच सांगेन की मुलाला शोधा, आणि तो सापडला की आधी त्याच्या मनगटाला हात लावा.

मी इथे थांबणार होतो. पण रोझाने टाक खाली ठेवलाय. म्हणते, बाबा, एक माझंही लिहू का? मी म्हटलं, तुझं काय? ती म्हणते, "काटा मी धरायचे ना. तुझे हात थरथरताना बघवायचे नाहीत. मी लडीच्या पारड्याला खालून बोट लावायचे आणि हळूच खाली ओढायचे. म्हणजे तुला थोडी जास्त मिळेल."

इतकी वर्षं ही पोरगी हे पोटात घेऊन बसलेली. 

आतून, चुलीपाशी बसलेल्या कात्रीनचा आवाज आला. "माहीत आहे मला. म्हणून तर गूळ आणखी घालावा लागायचा."